ग्रिझेतचा पान्हा

हां, तर ती गाय काही मागं सरेना. तेओद्यूल दलालानं काठीनं हलकेच डिवचलं, जीभ टाळूला लावून चक् चक् केलं, पण करड्या रंगाची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी ती गाय नोएलीच्या हाताला नाक लावून उभी ती उभीच. नोएली तरी काय कमी! साठी ओलांडलेली बाई, डोक्याला काळा रुमाल, पायात लाकडी जोडे. ओब्जाच्या बाजारात घोट्याएवढ्या चिखलात हात पुढं करून पाव तास उभी. भोवती माणसं जमली.

"अगं नोएली, ही मरतुकडी कशाला बघतेस?" तेओद्यूल म्हणाला. "ही शेजारची बघ, नॉर्मंडीची. कास बघ केवढी आहे!"

"मोठी आहे खरी. तुझं पोट केवढं आहे, तेओद्यूल. त्यातून कधी कुणाला घोटभर काही मिळालंय?"

लोक खो खो हसले. तेओद्यूलही हसला, कारण हसतं गिऱ्हाईक निघून जात नसतं हे त्याला ठाऊक होतं.

तिनं केलं होतं ते एवढंच. पलीकडच्या दाव्याला बांधलेल्या कुणाच्या तरी वासराच्या तोंडात दोन बोटं घातली, त्याची लाळ तळहातभर घेतली आणि तो हात करड्या गाईच्या नाकासमोर धरला. परक्या वासराची लाळ. नॉर्मंडीच्या गाईनं ती हुंगून मान फिरवली होती. या करडीनं आधी हुंगलं, मग कान पुढं केले, मग खरखरीत जिभेनं सगळा तळवा चाटून साफ केला आणि आणखी मागू लागली. नोएलीनं हात झग्याला पुसला.

"हिचे दिवस कधी भरतायत?"

"तीन आठवडे. चौथं वेत. पण सांगून ठेवतो, म्हातारे, उद्या तक्रार घेऊन आलीस तर..."

"तक्रार मी माणसांची करते. गाईची नाही."

अशी ही करडी, ग्रिझेत, नोएलीच्या ला फार्ज वाडीवरच्या गोठ्यात आली. लढाई संपून आठ वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट.

आमच्या खोऱ्यातल्या तांबड्या गाई दिसायला राजबिंड्या, पण दुधाला बेताच्या. आणि आमचं वासरू तर फक्त दुधावर वाढायचं. गवताची काडी नाही, पेंड नाही. सकाळ-संध्याकाळ त्याला दाव्यानं धरून आईकडं न्यायचं, आईची कास रिकामी झाली की तोंड पुसून दुसऱ्या गाईकडं. त्या दुसऱ्या गाईला आमच्याकडं मावशी म्हणतात. जन्म आईनं द्यायचा, अंग मावशीनं भरायचं. चार-साडेचार महिन्यांत वासरू असं गुबगुबीत व्हायला हवं की शेपटीच्या मुळाशी चिमूट घेतली तर बोटांत चरबी आली पाहिजे. खाटीक पापणी उलटून बघतो. आत दुधासारखं पांढरं दिसलं तर पहिला नंबर. लाली दिसली म्हणजे कुठंतरी गवत चोरलं. म्हणून वासरांच्या तोंडाला वेताचं मुसकं, गोठ्यात अंधार, आणि शेवटच्या पंधरवड्यात रोज दोन कच्ची अंडी टरफलासकट घशात.

पण हे सगळं मावशी चांगली असेल तर. आणि मावशी निवडावी ती नोएलीनंच. दहा-दहा मैलांवरून लोक तिला न्यायला यायचे. मोठ्या कासेला ती भुलायची नाही. वासरू पिऊन झाल्यावर कास रिकाम्या हातमोज्यासारखी लोंबली पाहिजे, म्हणायची, फुगलेलीच राहिली तर ते मांस, दूध नव्हे. सड फार जाड नकोत, लहान तोंडात मावले पाहिजेत. पोटाखालची शीर बोटाएवढी हवी. आणि सगळ्यात शेवटी ती लाळेची परीक्षा.

एक गोष्ट मात्र ती कधी करायची नाही, आणि त्यावरून तिला सगळं खोरं हसायचं. गाईचं वासरू मेलं तर आमच्याकडचा कुणीही शेतकरी काय करतो? त्याचं कातडं सोलतो, दुसऱ्या वासराच्या पाठीवर दोरीनं बांधतो आणि गाईपुढं उभं करतो. गाय वास घेते, आपलंच म्हणते, पान्हा सोडते. चार-पाच दिवसांत तिचं दूध नव्या वासराच्या अंगात मुरलं की त्याचाही वास तिला ओळखीचा होतो; मग कातडं काढून खड्ड्यात टाकायचं. गाईला पत्ता लागत नाही. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली रीत. पण नोएलीच्या गोठ्यात कातडं म्हणून कधी चढलं नाही. का, विचारलं तर म्हणायची, "वास येतो." यावर कोण काय बोलणार? शेणात जन्म गेलेली बाई आणि म्हणे वास येतो!

गोठ्यात ती बोलायची, हेही लोकांना माहीत होतं. गाईंशी सगळेच बोलतात, पण नोएली बोलायची ती गाईच्या पोटाखाली, वासराच्याही पलीकडं, गुडघ्याएवढ्या उंचीवर नजर ठेवून. संध्याकाळी पाच वासरं पाजायला सोडली की ती गव्हाणीला टेकून ऐकत राही. चोखण्याचे आवाज मोजत राही. पाच वासरं, आणि आवाज सहा. चाळीस वर्षं सहाच. गाई बदलल्या, वासरं तर दर चार महिन्यांनी बदलत, गोठ्यावरचं गवताचं छत जाऊन पाटीच्या दगडाचं आलं, पण तो सहावा आवाज तसाच राहिला. बारीक, घाईचा, मध्येच दम घेणारा. जनावराचा नव्हे. एकदा लेकीनं, क्लेमांसनं, विचारलं, "आई, काय मोजतेस गं?" तर म्हणाली, "काही नाही, वासरं आहेत ना सगळी, ते बघते."

क्लेमांसला ठाऊक होतं तेवढं असं: आपल्या आधी एक भाऊ होता, एमिल, तो तान्हाच गेला. कबरस्तानात मार्सियालच्या, म्हणजे बापाच्या, कबरीशेजारी त्याचा लहानसा लोखंडी क्रूस होता. त्यापुढचं आई बोलत नसे.

पुढचं असं. नोएली बावीस वर्षांची असताना पॅरिसहून एक दलालीण बाई आली होती. अशा बाया तेव्हा दर हिवाळ्यात यायच्या. बड्या घरच्या बायकांना अंगावर पाजायला नको असे, त्यांना आमच्याकडच्या धडधाकट लेकुरवाळ्या पोरी लागत. घराचं छत गळत होतं, मार्सियाल गवंडी, हिवाळ्यात काम नाही. एमिल दोन महिन्यांचा. डॉक्टरनं नोएलीला खिडकीशी उभं केलं, दात बघितले, पायाच्या शिरा बघितल्या, दुधाचा थेंब आपल्या नखावर घेऊन नख तिरकं केलं. थेंब चटकन ओघळला नाही. "उत्तम," तो म्हणाला. नोएलीशी नव्हे, दलालणीशी. एमिलला नणंदेकडं, फिलोमेनकडं, ठेवलं. फिलोमेनकडं शेळी होती.

पॅरिसात तिला रेशमी फितीची टोपी मिळाली, रोज मांस मिळालं, आणि ओक्ताव्ह नावाचं गोरं, लोण्याच्या गोळ्यासारखं पोर मिळालं. ते तिच्या अंगावर फुगत गेलं. ती नऊ महिने राहिली. परत आली तेव्हा मार्सियाल स्टेशनावर टोपी हातात धरून उभा होता, आणि त्याच्या हातातली ती टोपी बघूनच तिला कळलं. एमिल जानेवारीतच गेला होता. शेळीचं दूध त्याला सोसलं नव्हतं. सात महिने कुणी तिला कळवलं नाही. घरच्यांनी पॅरिसच्या मालकीणबाईंना कळवलं होतं, बाईंनी डॉक्टरला, आणि डॉक्टरनं सांगितलं होतं की हिला कळलं तर दूध आटेल. छत मात्र झालं. चांगली पाटी, अजून टिकून आहे.

तर ग्रिझेत. ती व्याली मार्चच्या सुरुवातीला. झालेला गोऱ्हा तिच्यासारखाच करडा, नाकावर पांढरा पट्टा. नववा दिवस उजाडला आणि त्याला हगवण लागली. दोन दिवसांत डोळे खोल गेले आणि तिसऱ्या सकाळी तो गव्हाणीखाली थंड पडलेला सापडला. नोएली नेमकी त्या दिवशी सकाळीच पलीकडच्या गावी एका मर्तिकाला गेली होती.

जावई, लेओनार, घरी होता. माणूस कष्टाळू, पण डोक्यात एकच गोष्ट. ईस्टरच्या बाजारात उतरवायचा म्हणून त्यानं एक तांबडा गोऱ्हा राखला होता. त्याच्या आईची कास सुजली होती, दूध जवळजवळ गेलं होतं, सगळा भार ग्रिझेतवर. छातीभोवती सुतळी गुंडाळून तो दर शनिवारी गाठ मारायचा. गाठ पुढं सरकली म्हणजे वासरू वाढलं. गेल्या शनिवारी गाठ जेमतेम अर्धं बोट सरकली होती. आणि आता तर ग्रिझेतनं पान्हाच चोरला. कास तट्ट भरलेली, पण तांबडा जवळ आला की लाथ.

लेओनारनं सुरी घासली.

नोएली संध्याकाळी परतली तेव्हा पाजण्याची वेळ झाली होती. अंगणातूनच तिला आवाज आला आणि ती आडाशी थबकली. गाय हंबरते ते वेगळं. गाय आपल्या नुकत्याच जन्मलेल्या वासराशी जी बोलते, तोंड मिटून, घशातल्या घशात, म्ह् म्ह् म्ह्, ते वेगळं. तसं ती परक्या वासराशी कधी बोलत नाही. मावशी कितीही मायाळू असो, गुणगुणत नाही.

आत ग्रिझेत मान वळवून गुणगुणत होती आणि चाटत होती. तिच्या कासेला तांबडा लुचत होता, शेपूट झुलवत, तोंडाला फेस. त्याच्या पाठीवर, दोरीनं पोटाखालून बांधलेलं, करडं कातडं. कडा अजून ओल्या. चार पाय चार बाजूंना लोंबत होते आणि गाय नेमकी मानेजवळ, जिथं मूळ वासराचे केस भोवऱ्यासारखे फिरले होते, तिथंच चाटत होती.

"बघितलंत, सासूबाई?" लेओनार खुशीत म्हणाला. "शेवटचा थेंबसुद्धा ठेवत नाही! काय करायचं ते कळतं हो आम्हालाही."

नोएली दारातच उभी राहिली. तिनं त्या दिवशी आवाज मोजले नाहीत. मोजायला गेली तर एका जागी दोन आवाज येत होते, एक वरून आणि एक कातड्याच्या आतून, असं तिला वाटलं. ती घरात गेली, शाल न काढता चुलीपुढं बसली. क्लेमांसनं चेस्टनट सोलून पुढं ठेवले, ते तसेच राहिले.

"अगं, बरं नाही का तुला?"

"ती त्याच्याशी बोलतेय गं."

"कोण?"

"ऐकू येत नाही का तुला?"

गोठा अंगणापलीकडं, दार बंद. क्लेमांसला काही ऐकू आलं नाही. तिनं आईच्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी लेओनारनं सुतळी लावली. शनिवार नव्हता, पण त्याला राहवेना. "गाठ अख्खं बोट सरकली!" तो ओरडत आला. "असाच चार दिवस प्यायला तर पहिला नंबर कुठं जात नाही. परवा कातडं काढलं की झालं."

नोएलीनं त्याच सकाळी, लेओनार बैल घेऊन शेतावर गेल्यावर, गोठ्याचं दार सताड उघडलं. उजेड आत घेतला. वासरांच्या गोठ्यात कुणी उजेड घेत नाही. तांबड्याला बाजूला ओढलं, दोरीची गाठ दातांनी सोडवली, कातडं उतरवलं. ग्रिझेत गुणगुणतच होती. नोएलीनं ते कातडं तिच्यासमोर पेंढ्यावर, केस वर करून, नीट पसरलं. आधी मान, मग पाठ, मग पाय जिथल्या तिथं. जसा गोऱ्हा निजायचा तसं. आणि ती स्वतः बाजूला, बादली पालथी घालून, बसून राहिली.

गाईनं वास घेतला. चाटलं. नाकानं ढकललं, उठ म्हणून. कातडं सरकलं, दुमडलं, खाली रिकामं. पुन्हा ढकललं. मग पुढच्या पायानं ओढून पोटाखाली घेतलं आणि तशीच उभी राहिली, आणि मग जो हंबरडा फोडला तो खालच्या वस्तीपर्यंत गेला.

लेओनार शेतातून पळत आला. "काय केलंत हे? अहो, काय केलंत?"

"सांगितलं तिला."

"काय सांगितलं? कुणाला?"

"दार लावून घे. जोराचा वारा आहे."

दोन दिवस ग्रिझेत हंबरत होती. कास दगडासारखी झाली. नोएलीनं हातानं धार काढून बघितली, चार थेंब. तांबडा उपाशी ओरडायचा. त्याला बाकीच्या गाईंचं थोडं थोडं पाजून तगवला. वस्तीवरच्या बाया कुंपणापाशी उभ्या राहून ऐकायच्या आणि एकमेकींना म्हणायच्या, "नोएलीचं डोकं फिरलं. चांगल्या चालत्या गाईला कुणी शोक करायला लावतं का?" तेओद्यूलही बातमी ऐकून आला, दारातून डोकावला.

"काय गं, माझी मरतुकडी परत घेऊ का? खाटकाला देतो."

"तू तिला रडू दे आधी. मग बघू."

"गाय रडते होय!"

"तू तुझ्या बायकोच्या मर्तिकाला जितका रडलास तितकी तर नक्कीच."

तेओद्यूल तोंड पुसत निघून गेला. पण गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबला, कारण आतून नोएलीचा आवाज येत होता. ती गाईशी बोलत होती, अगदी साधं, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. "हगवणीनं गेला गं. माझ्या डोळ्यांदेखत नाही, मी मर्तिकाला गेले होते. तू होतीस. तू चाटत होतीस. माझ्यापेक्षा तुझं बरं." मग पुन्हा, "खाली बघ. आहे का तिथं? नाही ना? मला दिसतो अजून." तेओद्यूल म्हणे तिथून पुढं सरळ घरीच गेला, वाटेत कुणाशी बोलला नाही. ओब्जाच्या दलालाच्या आयुष्यातला तो एकच मुका दिवस.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रिझेत गप्प झाली. नोएलीनं कातडं गुंडाळून बागेच्या टोकाला, अक्रोडाखाली, पुरलं. मग तांबड्याच्या तोंडात दोन बोटं घालून त्याची लाळ घेतली आणि ग्रिझेतच्या नाकाशी हात धरला. बाजारात धरला होता तसाच. गाईनं बराच वेळ हुंगलं. चाटलं नाही. पण तांबडा जवळ गेला तेव्हा लाथही मारली नाही. फक्त समोरच्या भिंतीकडं बघत उभी राहिली आणि पान्हा सोडला. पूर्ण नव्हे. चार सडांपैकी तीन सडांचा. चौथा सुजून कायमचाच गेला होता. आणि गुणगुणली नाही ती परत. त्या वासराशी नाही, त्यानंतरच्याही कुठल्या वासराशी नाही. मावशीचं काम मात्र तिनं पुढं सहा वर्षं केलं, आणि चांगलं केलं.

ईस्टरच्या बाजारात खाटकानं तांबड्याच्या शेपटीच्या मुळाशी चिमूट घेतली, पापणी उलटली, डोकं हलवलं. "पांढरा आहे. पण अंगात थोडा कमी. मध्येच कुठंतरी चार दिवस थांबलाय हा." खाटकाला वासराचा सगळा इतिहास बोटांत कळतो. दुसरा नंबर. पहिला नंबर व्हेर्जे गावच्या एका पोराच्या वासराला गेला, आणि त्या वासराच्या पाठीवर एका जागी दोरीच्या घासाचा पट्टा अजून दिसत होता.

दुपारी खानावळीत तिघं सूप घेऊन बसली. लेओनारनं वाडग्याला हात लावला नव्हता. तो वाईट माणूस नव्हता. वर्षभर ज्या एका गोष्टीकडं डोळे लावून बसला होता, ती त्याच्या हातातून सासूनं काढून घेतली होती.

"मला एकदा सांगाच," तो म्हणाला. "पहिल्या नंबराचं जाऊ द्या. ती गाय सुखात होती. गुणगुणत होती, तुम्हीही ऐकलंत. वासरू भरत होतं. दोन दिवसांनी कातडं मी गुपचूप काढलं असतं आणि तिला जन्मात कधी कळलं नसतं. कुणाचं काय वाईट झालं असतं?"

क्लेमांसनं टेबलाखालून त्याचा पाय दाबला. पण नोएली चिडली नव्हती. तिनं आमच्याकडच्या रीतीनं वाडग्यात उरलेल्या सुपात लाल वाइन ओतली, वाडगं दोन्ही हातांनी उचललं, आणि न पिता परत खाली ठेवलं. आणि लेकीकडं न बघता, जावयाकडं न बघता, टेबलाच्या कडेशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर कुठंतरी बघत म्हणाली:

"मे महिन्यात पॅरिसात बाईंनी मला पत्र वाचून दाखवलं होतं, लेओनार. मला वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, तुझ्या एमिलला खालचे दोन दात आलेत. मी स्वयंपाकघरात जाऊन स्वयंपाकिणीला मिठी मारली, नाचले. तिनं मला गोड वाइन पाजली. आणि त्या दिवशी दूध इतकं आलं, इतकं आलं की ओक्ताव्ह पिऊन झोपला तरी माझी चोळी भिजत होती. एमिल तेव्हा चार महिने मातीत होता. ते दूध कुणासाठी आलं होतं, ते तू मला सांग."